रेवदंडा : ज्या दारातून आपण सगळेच पुढे निघून जातो

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा किंवा सेव्ह करून रात्री वाचा.)

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका मित्राचा मेसेज आला. "दोन दिवस अलिबाग साईडला येतोय सहकुटुंब. नागाव, मग काशीद, मग जंजिरा. मध्ये काही बघण्यासारखं आहे का?" मी एका शब्दात उत्तर दिलं, "रेवदंडा." त्यावर त्याचं, "तिथे काय आहे? ते तर लागतंच की रस्त्यात."

लागतंच की रस्त्यात! हेच तर दुखणं आहे. अलिबागहून मुरुडला जाणारा रस्ता रेवदंड्यात चक्क किल्ल्याच्या दरवाजातून आत शिरतो, गावातून वळसे घेतो आणि पलीकडच्या बाजूने खाडीकडे बाहेर पडतो. म्हणजे काशीदला गेलेला प्रत्येक माणूस एका पोर्तुगीज शहराच्या आतून गेलेला असतो. त्याला आठवतं काय? समोरून एसटी आली म्हणून दहा मिनिटं थांबावं लागलं, एवढंच. लहानपणी आम्ही आजोळी जाताना कंडक्टर ओरडायचा, "हात आत घ्या रे!" खिडकीपासून वीतभर अंतरावरून ते काळे दगड सरकायचे. मलाही तेव्हा ते दगड म्हणजे रेवदंडा आला याची खूण, यापलीकडे काही वाटत नव्हतं.

मित्राला म्हटलं, शनिवार मला दे. तो, वहिनी आणि सातवीतली मुलगी असे तिघे आले. दिवसभर फिरलो. त्या दिवसाची ही गोष्ट, आणि जरा त्याच्या मागची.

सर्वात आधी एक घोळ निस्तरू. चौल आणि रेवदंडा. पुस्तकांत सगळीकडे 'चौल' असतं आणि चौलला जाऊन बघावं तर किल्ला दिसत नाही. कारण जुन्या कागदांतली चौलं दोन आहेत. वरचं चौल, म्हणजे आजचं चौल गाव, तिथे आधी देशी राजवटी आणि मग बहमनी, निजामशाही. आणि खालचं चौल, खाडीच्या तोंडावरचं, पोर्तुगीजांचं. तेच आजचं रेवदंडा. राल्फ फिच नावाचा इंग्रज व्यापारी १५८३ मध्ये इथे आला होता, त्यानेही दोन शहरं म्हणूनच नोंद केली आहे, एक पोर्तुगीजांचं आणि एक मुसलमानांचं. आपल्याकडे चौलला चंपावती आणि रेवदंड्याला रेवतीक्षेत्र म्हणतात. बलरामाची बायको रेवती, तिच्यावरून रेवदंडा, असं आजी सांगायची.

बंदर म्हणून वय बघा. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखात 'चेमुल'च्या दानकर्त्याचा उल्लेख आहे. ग्रीक लेखक सेमिला, सिमिला म्हणतात, अरब सैमूर म्हणतात. अल् मसुदी हा बगदादचा प्रवासी इसवी सन ९१५-१६ च्या सुमारास इथे आला तेव्हा शिलाहार राजा झंझ राज्य करत होता आणि मसुदीच्या म्हणण्याप्रमाणे दहा हजार मुसलमान या गावात राहत होते. ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे, आणि इथेच जन्मलेले. त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला होता. हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे, शिवजन्माच्या सातशे वर्षं आधीची. अलिबाग हे गाव तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. (अलिबागकरांनी रागावू नये, मीही तिथेच राहतो.)

दरवाजाबाहेर गाडी लावली आणि चालत आत शिरलो. ही पहिली अट: रेवदंडा गाडीतून दिसत नाही. तटाच्या आत अख्खं गाव आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, कौलारू घरं, शाळा, देवळं, बाजार, आणि या सगळ्याच्या अधेमधे कुठे चर्चची कमान, कुठे नुसतीच उभी भिंत, कुठे गवतात तोफ. पर्यटनस्थळाला जसं एक गेट, एक तिकीट आणि एक बघायची वस्तू असते तसं इथे काही नाही. कुणाच्या तरी वाडीच्या बेड्यातून आत जावं लागतं, "जरा आत येऊ का हो?" विचारावं लागतं. कुणी नाही म्हणत नाही, पण विचारावं.

मित्राच्या मुलीने पहिला प्रश्न केला तो सातखणीपाशी. सातखणी म्हणजे फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चचा मनोरा. एकेकाळी सात खणांचा, सात मजल्यांचा, म्हणून हे नाव. वरचे मजले पडलेत, तरी माडांच्या वर डोकं काढून उभा आहे. मुलगी म्हणाली, "काका, हे पडलं कसं? लढाईत?" खरं उत्तर फार साधं आहे. माणसं निघून गेली, छप्पर गेलं, पाऊस आला. कोकणातल्या पावसाला तोफेची गरज नसते.

तिथून समुद्राच्या बाजूला गेलो. इथे एक उपयोगाची गोष्ट सांगून ठेवतो. रेवदंड्याच्या तटाच्या बाहेरून चालायचं तर ओहोटीलाच. आमच्याकडचं जुनं गणित आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, आलेला आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. त्या शनिवारी नवमी होती. नऊच्या पाऊणपट म्हणजे पावणेसात, म्हणजे एकच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण मोबाईलला रेंज नसेल तेव्हा कॅलेंडरचं पान पुरतं. अकराला आम्ही वाळूत उतरलो. इथली वाळू काळसर आहे, फोटोला 'मालदीव' येत नाही, म्हणून गर्दी नाही. उलट्या बाजूने तट बघितला की लक्षात येतं की हे शहर जमिनीकडे पाठ करून बांधलेलं होतं. त्याचं तोंड पाण्याकडे.

याच पाण्यातून एक घोडा आला होता. ही गोष्ट माझी सर्वात आवडती, म्हणून जरा सविस्तर.

रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकितीन नावाचा व्यापारी. घरून निघाला होता व्यापाराला, वाटेत लुटला गेला. परत जावं तर कर्ज, म्हणून पुढे जात राहिला. कॅस्पियन समुद्र, इराण, होर्मुझ. तिथे त्याला कळलं की हिंदुस्थानात घोडा होत नाही, तिकडे घोड्याला सोन्याचा भाव आहे. ते खरंच होतं. बहमनी आणि विजयनगर दोघांनाही लढायला घोडे लागत आणि ते गलबतांतून अरबस्तान-इराणातून यायचे. निकितीनने होता नव्हता तो पैसा, शंभर रूबल, एका घोड्यात घातला आणि १४६९ च्या सुमारास तो घोडा घेऊन चौल बंदरात उतरला. वास्को द गामाच्या जवळपास तीस वर्षं आधी. ना तोफा, ना राजाचं पत्र. एक कर्जबाजारी माणूस आणि एक घोडा.

त्याने लिहून ठेवलंय की इथले लोक उघडे फिरतात, डोकं झाकत नाहीत, केसांची एक वेणी घालतात. आणि तो जाईल तिथे गोरा माणूस बघायला घोळका त्याच्या मागे मागे. म्हणजे पर्यटक आपल्याकडे बघतात की आपण पर्यटकाकडे, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे! चौलहून तो पालीमार्गे जुन्नरला गेला. हो, आपल्या बल्लाळेश्वराची पाली, असं अभ्यासक मानतात. जुन्नरात पावसाळा लागला. दिवसरात्र पाऊस आणि चिखल, असं त्याने वैतागून लिहिलंय. तिथल्या असद खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि सांगितलं, मुसलमान हो, घोडाही देतो आणि वर हजार मोहरा. चार दिवसांची मुदत. शेवटी एका खुरासानी मुसलमान सरदारानेच, ख्वाजा मुहम्मदने, रदबदली करून त्याला घोडा परत मिळवून दिला आणि धर्मही शाबूत ठेवला. घोडा पुढे बिदरला विकला. धंदा म्हणून बघाल तर सगळाच तोट्याचा सौदा; परतीच्या वाटेवर, घरी पोचण्याआधीच तो वारला. उरली ती वही. 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' या नावाने ती रशियात शाळकरी मुलांना माहीत आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९५७ मध्ये त्याच्यावर 'परदेसी' हा हिंदी-रशियन सिनेमा काढला, नर्गिस आणि बलराज साहनी होते त्यात.

रेवदंड्यातल्या शाळेच्या आवारात निकितीनचा स्मृतिस्तंभ आहे. आम्ही गेलो तेव्हा त्याच्या पायथ्याशी पोरांनी क्रिकेटच्या बॅटी टेकवून ठेवल्या होत्या. मला ते आवडलं. मित्र म्हणाला, "अरे, हे रशियात असतं तर..." मी म्हटलं, रशियातही त्याचा पुतळा आहे, त्याच्या गावी, व्होल्गाच्या काठावर. फरक एवढाच की तिथल्या लोकांना चौल माहीत आहे.

आता दुसरी गोष्ट, तीही याच पाण्यातली. मार्च १५०८. पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्कू द अल्मेदा याचा मुलगा लोरेन्सू आपली जहाजं घेऊन चौलच्या खाडीत उभा होता. तेवढ्यात समुद्राकडून आरमार दिसलं. ते होतं इजिप्तच्या ममलुक सुलतानाचं, अमीर हुसेन त्याचा सरदार. मिरीचा व्यापार पोर्तुगीजांनी बळकावला म्हणून थेट कैरोहून पाठवलेलं. मागून दीवचा मलिक अयाझ आपली जहाजं घेऊन आला. लढाई झाली आणि लोरेन्सूचं जहाज निसटताना अडकलं. कशात, माहितेय? कोळ्यांनी जाळी बांधायला खाडीत ठोकलेल्या खुंटांत. डोलीचे खुंट! आजही खाडीच्या तोंडाला उभं राहिलात तर पाण्यात खुंट आणि त्यांना बांधलेली डोल दिसेल. गोळ्याने त्याचा पाय गेला. तर म्हणतात, त्याने स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं आणि मरेपर्यंत हुकूम देत राहिला. पोर्तुगीजांचा हिंदी महासागरातला हा पहिला मोठा पराभव. बापाने पुढच्याच वर्षी, १५०९ मध्ये, दीवला जाऊन सूड घेतला आणि पुढची शंभर वर्षं या समुद्रात कुणाचं चालणार हे त्या लढाईने ठरवलं. इजिप्त, गुजरात, पोर्तुगाल, मागून व्हेनिसचे व्यापारी; एवढं सगळं राजकारण, आणि त्यात आमच्या कोळ्यांचा एक खुंट!

मित्राची मुलगी बराच वेळ पाण्यातल्या खुंटांकडे बघत होती. जंजिऱ्याला गाईड जे सांगतो त्यापेक्षा तिला हे जास्त खरं वाटलं असावं.

मग दुपारी मामाच्या वाडीत. मामाची वाडी तटाला लागून आहे, म्हणजे मागची कुंपणाची भिंत म्हणजे किल्ल्याचा तटच. मामीने वालाचं बिरडं आणि तळलेली मांदेली केली होती. जेवताना मित्राने विचारलं, "मामा, किल्ल्यात राहता म्हणजे भारीच की!" मामा म्हणाला, "भारी तर आहेच. पण माडाचा नारळ तटावर पडला तर तो माझा की पोर्तुगालच्या राजाचा, ते ठरायचंय." मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "तटाला हात लावायचा नाही, हे आम्हाला कळलं. पण तटावर वाढलेल्या पिंपळाला कोणी हात लावायचा?"

हा प्रश्न विनोदी नाही. इथले चर्च-मठांचे अवशेष केंद्राच्या संरक्षित स्मारकांच्या यादीत आहेत. २०१० च्या दुरुस्तीनंतर कायदा असा आहे की संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगीने. मैदानात एकटं उभं असलेलं देऊळ असेल तर हे सोपं आहे. पण जिथे अवशेष गावभर पसरलेत आणि त्यांच्यामध्ये शेकडो घरं, वाड्या, दुकानं आहेत, तिथे ३०० मीटरचं वर्तुळ काढलं की त्यात निम्मं गाव येतं. घराला खोली वाढवायची तर कागद, नाही वाढवली तर मुलगा पनवेलला जातो. मी कायद्याच्या विरोधात नाही. कायदा नसता तर सातखणीचे दगड केव्हाच कुणाच्या तरी बंगल्याच्या जोत्यात गेले असते, हेही मामानेच सांगितलं. पण किल्ला आणि गाव या दोघांनी एकमेकांत राहायचं कसं, हे कुणीतरी गावाबरोबर बसून ठरवायला हवं. तोपर्यंत पिंपळ वाढतोय.

जेवणानंतर मामाने उरलेला इतिहास पान लावता लावता संपवला, मीही तसाच सांगतो. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना किल्ला बांधायला परवानगी दिली, १५२४ पर्यंत तो उभा राहिला. १५७०-७१ ला त्याच निजामशाहीच्या मुर्तझाने प्रचंड सैन्य आणून वेढा घातला. सहा-सात महिने झुंजून तह करून परत गेला. इतिहासकार फरिश्ता लिहितो की निजामशाही सरदारांना पोर्तुगीजांनी दारूच्या भेटी पाठवून फोडलं होतं. आत मठ, चर्च, श्रीमंत लोक. बाहेर वरच्या चौलात रेशमाचे माग. चौलचं रेशीम तेव्हा गोव्यापासून पार परदेशापर्यंत नावाजलेलं होतं.

आणि मग ते संपलं. कसं संपलं, ते मात्र जरा थांबून बघण्यासारखं आहे, कारण लढाईत नाही संपलं. १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येचं इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरलं आणि आंदणात मुंबई गेली. इंग्रजांनी तिथे व्यापाऱ्यांना सवलती द्यायला सुरुवात केली. चौलचे रेशीम विणकर उठले आणि मुंबईला गेले. त्यांच्यासाठी तिथे नवी पेठ वसवली गेली. काही घाटावर येवल्याकडे गेले. खाडी गाळाने भरत होती, मोठी जहाजं मुंबईला लागायला लागली. म्हणजे चाळीस-पन्नास किलोमीटरवर नवं बंदर झालं आणि सतराशे वर्षांचं जुनं बंदर उपाशी पडलं. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने रेवदंड्याला वेढा दिला होता, तेव्हा किल्ला पडला नाही. पडला १७४० मध्ये, आणि तोही तहात. चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीजांकडे ताकद उरली नव्हती. मराठ्यांनी गोव्यातली साष्टी सोडायची आणि बदल्यात चौल आणि कोर्लई घ्यायचं, असं ठरलं. इंग्रज कॅप्टन इंचबर्ड मध्यस्थ. सह्या झाल्या, किल्ल्या दिल्या, पोर्तुगीज जहाजात बसले. वसईसारखी रणधुमाळी नाही, म्हणून पोवाडा नाही, म्हणून शाळेच्या पुस्तकात एक ओळ.

पण सगळेच जहाजात बसले नाहीत. हे बघायचं तर पूल ओलांडून कोर्लईला जायला हवं.

साळावच्या पुलावरून जाताना मित्राला खालचं पाणी दाखवलं. "ही कुंडलिका. गेल्या वर्षी कोलाडला राफ्टिंग केलंस ना, तेच पाणी." त्याला पटेना. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरात पडतं, तिथून सुटलेल्या पाण्यावर कोलाडला राफ्ट चालतात आणि तीच नदी रोह्यावरून इथे समुद्राला मिळते. एका टोकाला लोक हेल्मेट घालून पैसे देऊन भिजतात, दुसऱ्या टोकाला लोरेन्सूचं जहाज अडकलं होतं.

कोर्लई गावात गाडी ठेवून दीपगृहापर्यंत गेलो आणि तिथून पायऱ्यांनी किल्ल्यावर. पायऱ्या दमवतात, पण लहान मुलं आरामात चढतात. बुऱ्हाण निजामशहा दुसरा याने खाडी अडवायला इथे कोट बांधला, तो १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला. लांबच लांब अरुंद डोंगर, त्यावर एकामागून एक आडव्या भिंती आणि दरवाजे. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला उघडा समुद्र, आणि समोर रेवदंडा. इथे उभं राहिल्यावर मित्राला पहिल्यांदा नकाशा कळला. "म्हणजे या दोन किल्ल्यांच्या मधून जायचं तर परवानगी घेऊनच!" बरोबर.

खाली उतरल्यावर चर्चच्या जवळ दोन म्हाताऱ्या बायका ओट्यावर मासे निवडत बोलत होत्या. मुलीने कान देऊन ऐकलं. "काका, ही कोकणी आहे का?" नाही. ही जगात फक्त या गावात बोलली जाते. बोलणारे तिला 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. बाहेरचे क्रिस्ती म्हणतात. शब्द पोर्तुगीजचे, पण वाक्य मराठीच्या वळणाने बांधलेलं. क्रियापद मराठीसारखं शेवटाकडे. चौलमधले गोरे अधिकारी गेले तेव्हा इथले गरीब ख्रिस्ती मागे राहिले. जवळपास पावणेतीनशे वर्षं, आजूबाजूला सगळी मराठी, आणि त्यांनी चुलीपाशी ही भाषा टिकवली. बोलणारे हजाराच्या आसपास. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. मुलं मराठी शाळेत जातात, चर्चमधल्या प्रार्थना मराठीत होतात, तरुण नोकरीला मुंबईला. आजी मला म्हणाली, "नातू समजतो सगळं, पण उत्तर मराठीत देतो." हे वाक्य मी अमेरिकेत राहणाऱ्या मराठी आजी-आजोबांकडून अगदी शब्दशः ऐकलंय.

आणि आपण तरी कुठे त्यांच्यापासून लांब आहोत? पगार, चावी, साबण, घमेलं, बिजागरी, पाव, बटाटा, तुरुंग. सगळे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द. त्यांचे काही शब्द आपल्याकडे राहिले, कोर्लईत अख्खी भाषा राहिली.

परत येताना रेवदंड्यातलं सिनेगॉग बाहेरून दाखवलं. बेथ एल, १८४२ चं. नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आलेले बेने इस्रायल इथे तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. चेऊलकर, रोहेकर, किहीमकर अशी आपल्यासारखीच गावावरून आडनावं. आता बहुतेक घरं ठाण्यात नाहीतर इस्रायलमध्ये. योगायोगाने तो दिवसही शनिवारच होता. गल्लीत शांतता होती.

दुसऱ्या दिवशी ते आपले आपण चौलला गेले. रामेश्वराचं देऊळ आणि पुष्करणी, तिथली पर्जन्यकुंड, वायुकुंड, अग्निकुंड (पाऊस ओढ देतो तेव्हा पर्जन्यकुंड उघडतात), मग दत्ताच्या डोंगराच्या पायऱ्या. मार्गशीर्षात दत्तजयंतीला आलात तर जत्रा मिळेल, पण मग गाडी विसरा. ज्यांना जंगल हवं त्यांनी फणसाड अभयारण्य धरावं. मुरुडच्या वाटेवर, पहाटे गेलात तर शेकरू दिसेल. पावसाळ्यात मात्र कोर्लईच्या तटावर आणि कुठल्याही किनाऱ्याच्या पाण्यात हुशारी दाखवू नका. दरवर्षी कुणीतरी दाखवतं.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते. रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या आराखड्यात कुंडलिका खाडीवर नवा पूल आहे. तो व्हायलाच हवा. त्या दरवाजातून जड गाड्या जाणं ना दरवाजाच्या हिताचं, ना गावाच्या. रात्री पेशंट घेऊन निघालेली गाडी दरवाजात अडकते तेव्हा इतिहास गोड वाटत नाही. पण तो पूल झाला की काशीदची गर्दी रेवदंड्यात शिरणारच नाही. आज ती निदान हॉर्न वाजवत दरवाजा तरी बघते. ज्या गावाचं बंदर एकदा वाट बदलल्यामुळे गेलं, त्याच्या बाबतीत हे दुसऱ्यांदा होणार आहे, आणि यावेळी आपल्याला आधीपासून माहीत आहे.

मग आधी काय करता येईल? माझ्या डोक्यात फार मोठं काही नाही. दरवाजाबाहेर गाड्या लावायला जागा. तटाच्या कडेने चालायची एक आखलेली वाट, ज्यांच्या वाडीतून ती जाते त्यांच्याशी बोलून, त्यांना काही मिळेल अशा बेताने. मराठीत एक नकाशा, ज्यावर निकितीन, खुंट आणि सातखणी असेल. शाळेतली आठवी-नववीची पोरं शनिवार-रविवार माहिती सांगायला. पुरातत्त्व खातं, ग्रामपंचायत आणि वाडीवाले यांनी एकदा एकत्र बसणं. आणि वाड्या. गेल्या काही वर्षांत पोफळी तोडून पोहण्याचा तलाव केलेल्या वाड्या मी मोजायचं सोडलंय. विकणाऱ्याला दोष देत नाही. सुपारीवर घर चालत नाही हे मामाच्या घरात बघतोय. पण पाहुणा वाडीत राहिला आणि मामीच्या हातचं बिरडं जेवला, तर वाडी विकायची वेळ कदाचित लांबेल. मामीने या कल्पनेवर एकच सांगितलंय: "दारू पिणारे नकोत, आणि आदल्या दिवशी फोन करा. वाल भिजवायला लागतात."

तर, तुम्ही जाणार असाल तर तिथी बघून जा. आणि ज्यांचं लहानपण रेवदंड्यात गेलंय त्यांनी खाली लिहा, तुमच्या आठवणीत सातखणीचे किती मजले उभे होते. मामा म्हणतो पाच, आई म्हणते सहा, आणि यावरून दोघं गेल्या गणपतीपासून भांडतायत.